तुकडा न काढता कॅन्सरचं निदान : लिव्हरमधली गाठ स्कॅनवर कशी ओळखतात

कॅन्सर आहे की नाही हे ठरवायचं तर गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. स्तनात गाठ असो की तोंडात न भरणारी जखम, डॉक्टर आधी बायोप्सी सांगतात. लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरच्या बाबतीत मात्र अनेकदा नुसता सीटी किंवा एमआरआय बघून निदान लिहिलं जातं आणि त्यावर पुढचे उपचार, अगदी प्रत्यारोपणसुद्धा, ठरतात. मग नातेवाईक बिचकतात. तुकडा न तपासताच कॅन्सर कसा म्हणाले, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

ही घाई नाही की हलगर्जीही नाही. चित्रावरून निदान पक्कं मानायची मुभा कॅन्सरच्या जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि त्यातलं हे सगळ्यात ठळक उदाहरण. पण त्या मुभेला एक अट आहे. ती रिपोर्टात स्वतंत्रपणे लिहिलेली नसते, त्यामुळे रुग्णाच्या कानावरही येत नाही.

त्याआधी एक फरक स्पष्ट करून घेऊ. लिव्हरमध्ये दिसणारी कॅन्सरची प्रत्येक गाठ मुळात लिव्हरची नसते. मोठं आतडं, जठर, स्वादुपिंड, स्तन, फुप्फुस अशा ठिकाणचा कॅन्सर रक्तातून येऊन लिव्हरमध्ये बस्तान बसवतो. त्याला दुय्यम कॅन्सर किंवा मेटास्टॅसिस म्हणतात. प्राथमिक कॅन्सर तो, जो लिव्हरच्या स्वतःच्या पेशींतून उगवतो. त्यातला तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचा. दवाखान्यात सगळे त्याला ‘एचसीसी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. दुसरा प्रकार पित्तनलिकांच्या अस्तरातून निघणारा, कोलँजिओकार्सिनोमा. जगभरात 2022 या एका वर्षात प्राथमिक लिव्हर कॅन्सरचे साडेआठ लाखांहून अधिक नवे रुग्ण आणि साडेसात लाखांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. हे दोन आकडे इतके जवळजवळ का, याचं मोठं कारण म्हणजे हा कॅन्सर सापडतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.

आता ती अट. लिव्हर आधीपासून धोक्यातलं असलं पाहिजे. म्हणजे त्या माणसाला सिरॉसिस, म्हणजे लिव्हर आतून वणांनी भरून कडक होण्याचा आजार, झालेला हवा, किंवा हेपटायटिस बीचा जुनाट, अजून टिकून असलेला संसर्ग हवा, किंवा एचसीसी आत्ता किंवा पूर्वी सिद्ध झालेला हवा. सिरॉसिस दारूने होतो हे सर्वांना माहीत आहे, पण तो हेपटायटिस बी आणि सी या विषाणूंनीही होतो, आणि मधुमेह व लठ्ठपणाबरोबर येणाऱ्या फॅटी लिव्हरमधूनही होतो. तेव्हा ‘आमच्या घरात कुणी थेंबालाही शिवत नाही’ या वाक्याने धोका टळत नाही.

ही अट कशाला? सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये ठरावीक खुणा दाखवणारी दोन सेंटिमीटरची गाठ दिसली, तर ती एचसीसी असण्याची शक्यता शंभरात पंच्याण्णवच्या आसपास असते. अगदी तशीच गाठ लिव्हर ठणठणीत असलेल्या पस्तिशीतल्या बाईच्या सीटीत दिसली तर मात्र ती अ‍ॅडिनोमासारखी कॅन्सर नसलेली गाठ असू शकते, किंवा स्वादुपिंडातल्या न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) गाठीतून आलेली दुय्यम गाठ असू शकते. तिथे बायोप्सीशिवाय गत्यंतर नाही. चित्र तेच राहतं, पण लिव्हर कुणाचं आहे यावर त्याचा अर्थ बदलतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयात लक्षात ठेवायची हीच एक गोष्ट आहे, बाकी तपशील डॉक्टर बघतील. त्यामुळे स्कॅनला जाताना हेपटायटिसचे जुने रिपोर्ट, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय हे मोजणारी तपासणी), एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा दिसल्याची नोंद, असं जे असेल ते बरोबर न्यायला हवं. रेडिओलॉजिस्टला तुमचा पूर्वेतिहास कळला नाही, तर तोच स्कॅन तो वेगळा वाचू शकतो.

रक्त कुठून येतं

शरीरातल्या बहुतेक अवयवांना रक्त पुरवण्याचा एकच मार्ग असतो. लिव्हरला दोन आहेत. पोर्टल व्हेन ही शीर आतडी आणि प्लीहेकडून अन्नरस घेऊन येते आणि लिव्हरचं जवळपास 75 टक्के रक्त तिच्यातूनच येतं. उरलेलं 25 टक्के यकृत धमनीतून, म्हणजे हृदयाकडून थेट येतं.

सिरॉसिसमध्ये लिव्हरभर बारीक गाठी तयार होतात. त्या कॅन्सर नसतात, जखम भरताना लिव्हरने केलेली ती डागडुजी असते. त्यांतल्या एखाद्या गाठीच्या पेशी हळूहळू बिघडू लागतात आणि त्याबरोबर तिचा रक्तपुरवठाही बदलतो. पोर्टल व्हेनच्या बारीक फांद्या तिथून नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी धमनीच्या नव्या, एकेकट्या फांद्या फुटतात. गाठ पुरती एचसीसी होते तोवर ती जवळजवळ सगळी धमनीच्या रक्तावर जगत असते.

एका मळ्याला कालव्याचं पाणी आहे आणि विहिरीचंही. सगळे वाफे मुख्यतः कालव्यावर भिजतात, विहिरीचा नुसता हातभार. एका वाफ्याने मात्र कालव्याचा पाट बुजवून टाकला आणि विहिरीवरून स्वतःपुरती जाडजूड पाइपलाइन ओढली. आता विहिरीच्या पाण्यात रंग सोडला तर सगळ्यात आधी तोच वाफा रंगेल, बाकीचा मळा अजून कोरा असेल. थोड्या वेळाने रंग कालव्यातून आला की सगळा मळा रंगेल, आणि तो वाफा आजूबाजूच्या मानाने फिका दिसेल. एचसीसी ओळखण्याची युक्ती एवढीच आहे. रंगाच्या जागी काँट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळ दिसणारं औषध असतं, सीटीसाठी आयोडीनचा आणि एमआरआयसाठी गॅडोलिनियमचा.

ट्रायफेजिक सीटी म्हणजे काय

हाताच्या शिरेतून टोचलेला काँट्रास्ट हृदयात, तिथून फुप्फुसांत, परत हृदयात आणि मग महाधमनीत जातो. तिथून यकृत धमनीमार्गे तो लिव्हरमध्ये साधारण 35 ते 40 सेकंदांनी भरात असतो. हा धमनीचा टप्पा. दरम्यान बराचसा काँट्रास्ट आतडी आणि प्लीहेतून फिरून पोर्टल व्हेनमध्ये जमा होतो आणि 60 ते 80 सेकंदांच्या सुमारास अख्खं लिव्हर उजळून निघतं. हा पोर्टल टप्पा. मग दोन ते पाच मिनिटांच्या दरम्यान तिसरा, उशिराचा टप्पा. या तिन्ही वेळी लिव्हरची चित्रं घेतली की तो ट्रायफेजिक किंवा ट्रिपल फेज सीटी झाला.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगायलाच हवी. काँट्रास्ट देऊन केलेला पोटाचा साधा सीटी बऱ्याचदा फक्त पोर्टल टप्प्यात काढलेला असतो. अपेंडिक्स, आतड्याचे आजार यांसाठी तो पुरतो. लिव्हरच्या गाठीसाठी नाही, कारण गाठ आधी चमकली होती का, हे त्यात कळणारच नाही. पैसे जातात, किरणोत्सर्ग होतो, काँट्रास्टचा भार किडनीवर पडतो, आणि शेवटी ‘ट्रायफेजिक करून या’ हे ऐकावं लागतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘लिव्हर प्रोटोकॉल’ किंवा ‘ट्रायफेजिक’ हा शब्द आहे का, हे स्कॅनला जाण्याआधीच बघून घ्यावं.

धमनीच्या टप्प्याची वेळ चुकली तर सगळंच फसतं. दहा सेकंद लवकर झालं तर गाठीत अजून काही पोचलेलं नसतं, आणि उशीर झाला तर बाकीचं लिव्हरही उजळलेलं असतं. म्हणून आतल्या खोलीत बसलेला तंत्रज्ञ घड्याळावर विसंबत नाही. मशीन महाधमनीवर नजर ठेवतं, तिथे काँट्रास्ट ठरावीक पातळीला पोचला की त्यापासून मोजून चित्रं सुरू होतात. काँट्रास्ट सेकंदाला तीन ते पाच मिलिलिटर या वेगाने आत जावा लागतो, त्यासाठीच कोपराजवळच्या मोठ्या शिरेत जाड सुई लावतात. मनगटावरच्या बारीक शिरेत लावा म्हणून हट्ट धरणाऱ्या आजोबांना हे आधी समजावून सांगितलेलं बरं. टप्पा नीट साधला की नाही हे रेडिओलॉजिस्ट चित्रावरूनच ओळखतो. यकृत धमनी लख्ख हवी, पोर्टल व्हेनमध्ये काँट्रास्ट नुकताच उतरू लागलेला हवा आणि लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या शिरा अजून काळ्या हव्यात.

आता खुणा. धमनीच्या टप्प्यात गाठ आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा उजळ दिसते. नुसत्या कडेने उजळली तर ती ही खूण नव्हे, आतला भाग पूर्ण किंवा काही प्रमाणात उजळायला हवा. मग पोर्टल किंवा उशिराच्या टप्प्यात ती भोवतालापेक्षा काळपट होते. याला वॉशआउट म्हणतात. शब्दावरून गाठीतलं औषध धुऊन गेलं असं वाटतं, आणि ते काही अंशी खरंही आहे, पण मोठं कारण वर सांगितलेलंच. भोवतालचं लिव्हर पोर्टलच्या रक्ताने उजळलेलं असतं आणि गाठीला त्यातला वाटा मिळालेला नसतो. तिसरी खूण म्हणजे उशिराच्या चित्रांत गाठीभोवती दिसणारं उजळ, गुळगुळीत कडं, म्हणजे कॅप्सूल. आणि चौथी वाढीची, सहा महिन्यांत किंवा त्याहून कमी काळात आकार निम्म्याने किंवा अधिक वाढणं. शेवटची खूण जुना स्कॅन हातात असल्याशिवाय तपासताच येत नाही. म्हणून जुनी सीडी फेकू नका. नुसत्या छापील रिपोर्टवर भागत नाही, मोजमाप मूळ चित्रांवरच करावं लागतं.

रिपोर्टातला एलआर म्हणजे काय

चित्रावरून निदान मान्य करण्याची सुरुवात 2000 साली बार्सिलोनात भरलेल्या युरोपीय यकृततज्ज्ञांच्या बैठकीपासून झाली. तेव्हा फक्त धमनीच्या टप्प्यातली चमक बघत, आणि ती दोन वेगवेगळ्या तपासण्यांत दिसावी लागे. पुढे 2005 मध्ये अमेरिकी यकृततज्ज्ञांच्या संस्थेने वॉशआउटला निकषात स्थान दिलं. तरीही एकच स्कॅन तीन रेडिओलॉजिस्ट तीन तऱ्हांनी लिहीत. ‘शक्यता वाटते’, ‘नाकारता येत नाही’, ‘सूचक आहे’ असे शब्द असत आणि त्यांतून सर्जनने काय समजायचं हा प्रश्न उरे. म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 2011 मध्ये लाय-रॅड्स नावाची पद्धत आणली. सीटी-एमआरआयसाठी तिची 2018 ची आवृत्ती जगभर वापरली जाते. तुमच्या रिपोर्टात एलआर-3, एलआर-5 असं काही असेल तर ते इथून आलं.

एलआर-1 म्हणजे निश्चितपणे निरुपद्रवी, एलआर-2 म्हणजे बहुधा निरुपद्रवी. एलआर-3 म्हणजे मधली अवस्था, यांतल्या साधारण एकतृतीयांश गाठी पुढे एचसीसी निघतात. एलआर-4 मध्ये हे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास जातं. एलआर-5 म्हणजे निदान झालं, तुकड्याची गरज नाही. एलआर-एम हे अक्षर बघून लोक गोंधळतात. गाठ कॅन्सरची आहे असं जवळपास नक्की वाटतं, पण ती एचसीसीच आहे असं म्हणता येत नाही, असा त्याचा अर्थ. पित्तनलिकेचा कॅन्सर किंवा दुय्यम गाठ असू शकते, म्हणून इथे बायोप्सी लागते.

एलआर-5 मिळवणं मुद्दाम कठीण ठेवलेलं आहे. गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सगळ्या खुणा असूनही एलआर-5 देता येत नाही. एक ते दोन सेंटिमीटरच्या दरम्यान असेल तर चमक हवीच, आणि त्याबरोबर वॉशआउट किंवा ठरलेल्या दराने वाढ हवी, नुसतं कडं पुरत नाही. दोन सेंटिमीटर किंवा मोठी असेल तर चमक आणि बाकीच्या तिन्हींपैकी कुठलीही एक खूण चालते. परिणाम असा की खरोखरच्या कित्येक एचसीसी गाठी एलआर-4 किंवा 3 मध्येच अडकून राहतात. हा दोष नाही, ठरवून केलेली तडजोड आहे, आणि मला ती योग्य वाटते. आपल्याकडचा विचार करा. भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून होतात, म्हणजे मुलगा, बायको, भाऊ स्वतःच्या लिव्हरचा भाग देतात. गाठीमुळे प्रत्यारोपण ठरलं आणि नंतर गाठ कॅन्सरची नव्हतीच असं निघालं, तर एका धडधाकट माणसाचं पोट विनाकारण उघडलं गेलं. चुकून ‘हो’ म्हणणं इथे फार महाग आहे.

मग सगळ्यांची बायोप्सीच का करत नाहीत? सिरॉसिसमध्ये प्लेटलेट्स कमी असतात, रक्त गोठण्याची ताकद घटलेली असते आणि लिव्हर रक्ताने भरलेला अवयव, त्यामुळे रक्तस्रावाची भीती असते. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजण्याचा धोकाही आहे. जुन्या अभ्यासांच्या एकत्रित आकड्यांत तो सुमारे 2.7 टक्के दिसला. आणि दीड सेंटिमीटरच्या गाठीत सुई नेमकी बसली नाही तर ‘कॅन्सर नाही’ हा रिपोर्ट खोटा दिलासा देऊन जातो. तरीही शंका असेल तिथे बायोप्सी करावीच लागते, आणि तिला घाबरून टाळाटाळ करण्यात काही शहाणपण नाही.

फसवणाऱ्या गोष्टी

चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं. सिरॉसिसमध्ये धमनी आणि पोर्टल शिरेच्या बारीक फांद्यांमध्ये मधेच जोड तयार होतात. धमनीच्या टप्प्यात तिथला भाग उजळतो, अनेकदा लिव्हरच्या कडेला पाचरीच्या आकाराचा, आणि पुढच्या टप्प्यांत मागमूसही राहत नाही. रक्तवाहिन्यांची साधी गाठ, हिमँजिओमा, ही तर कितीतरी लोकांत आढळते. ती कडेकडेने ठिपक्यांत उजळते आणि हळूहळू आत भरत जाते, म्हणजे एचसीसीच्या बरोबर उलट चाल. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये आधी कड उजळते आणि मध्यभाग उशिराच्या टप्प्यात, कारण आत तंतुमय ऊतक भरलेलं असतं. त्या जागी लिव्हरचा पृष्ठभाग आत ओढला गेलेलाही दिसतो.

बड-किआरी या आजारात लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा बंद होतात. त्यानंतर लिव्हरमध्ये ज्या निरुपद्रवी गाठी होतात त्या धमनीच्या टप्प्यात हुबेहूब एचसीसीसारख्या चमकतात. म्हणून अशा रुग्णांत लाय-रॅड्स लावायचंच नाही असा नियम आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांतही ती लावत नाहीत.

आपल्याकडे सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘लिव्हर एसओएल’ असं लिहून येतं. त्याचा अर्थ जागा व्यापणारं काहीतरी आहे, इतकाच. घरच्यांच्या मनात लगेच कॅन्सर येतो. पण ताप, थंडी, उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर तो अमीबामुळे झालेला पूही असू शकतो, आणि तो औषधांनी बरा होतो. काही वेळा उलटही होतं. काही एचसीसी गोल गाठ न बनता लिव्हरभर पसरतात, सिरॉसिसच्या ओबडधोबड पार्श्वभूमीत मिसळून जातात आणि चित्रात गाठ अशी दिसतच नाही. तिथे पहिला सुगावा बहुधा पोर्टल व्हेनमधून मिळतो. सिरॉसिसमध्ये त्या शिरेत साधी रक्ताची गुठळीही होते, त्यामुळे ती दिसली की कॅन्सरच असं नाही. पण धमनीच्या टप्प्यात ती गुठळीच उजळली तर तिच्यात जिवंत पेशी आहेत, म्हणजे कॅन्सर शिरेत शिरलाय. रिपोर्टातली ही एक ओळ उपचारांची दिशा पालटून टाकते. म्हणून ‘पोर्टल व्हेन’ हा शब्द रिपोर्टात कुठे आणि कसा आलाय, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

सोनोग्राफी, एएफपी आणि बाकीच्या तपासण्या

या सगळ्याची सुरुवात सीटीने होत नाही. धोक्यातल्या माणसाने दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी करावी आणि जोडीला अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी ही रक्ततपासणी. सोनोग्राफीत एक सेंटिमीटर किंवा मोठी गाठ दिसली, किंवा एएफपी मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या वर गेलं वा चढत राहिलं, की ट्रायफेजिक सीटी किंवा एमआरआय. एक सेंटिमीटरहून लहान असेल तर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. सहा महिनेच का, तर एचसीसीचं घनफळ दुप्पट व्हायला सरासरी चार ते सहा महिने लागतात.

सोनोग्राफी स्वस्त आहे, निर्धोक आहे, पण लबाड आहे. सिरॉसिस असलेल्यांत सुरुवातीच्या अवस्थेतला एचसीसी ती निम्म्याहून कमी वेळा पकडते. एएफपीची जोड दिली तर प्रमाण 63 टक्क्यांच्या आसपास जातं. पोट सुटलेलं असेल, चरबी जास्त असेल, आतड्यांत गॅस असेल तर लिव्हरचा काही भाग दिसतच नाही, विशेषतः छातीच्या पडद्याखालचा घुमट. अशा वेळी ‘लिव्हर नॉर्मल’ या शब्दांपेक्षा ‘नीट दिसलं का’ हा प्रश्न महत्त्वाचा. तरीही ही नियमित तपासणी जीव वाचवते. शांघायमध्ये हेपटायटिस बीचा संसर्ग किंवा जुनाट हेपटायटिसचा पूर्वेतिहास असलेल्या सुमारे 19 हजार लोकांवर केलेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. सहामाही सोनोग्राफी आणि एएफपी करणाऱ्या गटात लिव्हर कॅन्सरने होणारे मृत्यू 37 टक्क्यांनी कमी होते, आणि तेही ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम साठ टक्के झालेल्या असताना.

एमआरआय लहान गाठींत सीटीपेक्षा जास्त पकडतो. खर्च अधिक, वेळ अधिक आणि श्वास रोखून धरावा लागतो. पोटात पाणी झालेल्या, दम लागणाऱ्या माणसाला ते जमत नाही, मग चित्रं हलतात. तिथे चांगला सीटी हा हललेल्या एमआरआयपेक्षा केव्हाही बरा. एमआरआयमध्ये गॅडोक्सेटेट नावाचा खास काँट्रास्टही वापरतात. निरोगी यकृतपेशी तो आत ओढून घेतात, त्यामुळे वीस मिनिटांनी लिव्हर उजळ दिसतं आणि ही क्षमता गमावलेली बहुतेक गाठ काळी. पेशी बिघडण्याच्या वाटेवर ही क्षमता अनेकदा धमनीचा नवा पुरवठा तयार होण्याच्या आधीच जाते. म्हणून काही गाठी चमकायला लागण्यापूर्वीच इथे काळ्या दिसतात. पण नुसत्या त्यावर कॅन्सरचा शिक्का मारत नाहीत.

‘सरळ पेट स्कॅन करून टाका, एकदाचं काय ते कळेल’ हा सल्ला घरातलं कुणीतरी देतंच. नेहमीचा पेट स्कॅन साखरेसारख्या किरणोत्सारी द्रव्यावर चालतो. कॅन्सरच्या पेशी साखर ओढतात आणि धरून ठेवतात, त्यामुळे दिसतात. यकृतपेशींकडे मात्र साखर पुन्हा सोडून देणारं विकर (एन्झाइम) असतं, आणि यकृतपेशींशी साम्य टिकवून असलेल्या एचसीसीमध्येही ते शाबूत असतं. म्हणून अशा कितीतरी गाठी पेटवर भोवतालापासून वेगळ्या दिसत नाहीत. पेट स्वच्छ आला म्हणून गाठ निरुपद्रवी ठरत नाही.

उपचारानंतरचे स्कॅन

लहान गाठ सुईने जाळतात, किंवा धमनीतून नळी नेऊन थेट गाठीत औषध सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा तोडतात. या दुसऱ्या उपचाराला टेस म्हणतात आणि तो त्याच धमनीच्या हट्टावर बेतलेला आहे. बाकीच्या लिव्हरला पोर्टल व्हेन सांभाळून घेते, गाठीला दुसरा आधार नसतो. त्यानंतरचा स्कॅन वाचताना लोक हमखास आकार बघतात. आधी साडेतीन सेंटिमीटर होती, आता चार झाली, म्हणजे वाढली, असं म्हणून हबकतात. जाळलेली जागा मूळ गाठीपेक्षा मोठीच दिसते, कारण कडेचा थोडा निरोगी भागही मुद्दाम जाळलेला असतो. इथे बघायचं ते धमनीच्या टप्प्यात आत काही उजळतंय का. काहीच उजळत नसेल तर गाठ मेलेली आहे, मग ती चार सेंटिमीटरची असो. कडेला लहानसा उजळ तुकडा असेल तर तेवढा भाग जिवंत आहे आणि पुन्हा उपचार लागतील. टेसमध्ये लिपिओडॉल हे तेलकट औषध वापरलं असेल तर ते सीटीत स्वतःच पांढरंशुभ्र दिसतं आणि खरी चमक झाकून टाकतं, अशा वेळी एमआरआय जास्त उपयोगी. पहिला स्कॅन साधारण महिन्याभराने आणि पुढे दर तीन महिन्यांनी करतात. लिव्हर तेच राहतं आणि सिरॉसिसही तोच, त्यामुळे नव्या जागी नवी गाठ उगवण्याची शक्यता कायम असते. म्हणूनच रेडिओलॉजिस्ट दर वेळी जुन्या गाठीच्या बरोबरीने सगळं लिव्हर नव्याने तपासतो.